बाकापासून खांबापर्यंत

सासूबाई आरडाओरडा करत तेव्हा घाबरण्यासारखं काही नसे. त्या हळू आवाजात बोलू लागल्या की मात्र घरातली भांडीसुद्धा जपून वाजत. त्या दिवशी सकाळी त्यांनी सुनेला ओट्यापाशी एकटीला गाठलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "यांना मी अडवणार नाही. अडवून ऐकतील तर ते हे कसले! पण गाडी नीट झाली असं तू एकदा मला सांग. मग मी या खिडकीत उभी राहणार नाही. तुझ्या भरवशावर सोडते त्यांना."

गाडी म्हणजे गवत कापायची गाडी. छोटीशी, एका माणसाने वर बसून चालवायची; पोटाखाली पाती, पुढे दोन बारकी चाकं, मागे दोन मोठी. इस्पितळाच्या मागे जे उतरतं हिरवं मैदान होतं ते सगळं या गाडीवर आणि सासऱ्यांच्या हातावर चालायचं. इस्पितळातली माणसं त्यांना फूटपट्टी म्हणत. त्यांनी कापलेल्या गवताचे पट्टे इतके सरळ असत की वरच्या मजल्यावरचे रुग्ण खिडकीतून मोजत बसत, आणि त्यांना दुसरा उद्योग तरी काय होता म्हणा.

मैदानाच्या खालच्या अंगाला दगडी भिंत होती. मैदानाची माती खचू नये म्हणून कधीकाळी बांधलेली. वरून पाहिलं तर गवत संपतं तिथे दगडांची एक ओळ दिसे, बस. पलीकडे दोन पुरुष खोल खाली ओढ्याचे गोटे. कठडा होता, पण त्याला तडे गेले म्हणून काढला, आणि नवा येणार, येणार असं इस्पितळ तेव्हापासून म्हणत होतं. तोवर रुग्णांना तिकडे जायची मनाई होती, म्हणून कडेला असलेला सिमेंटचा बाक रिकामाच असे. गवताला मात्र मनाई कोण करणार? ते वाढायचंच, आणि सासरे ते कापायचेच, गाडीचं उजवं चाक दगडांच्या ओळीला जवळजवळ चिकटवून.

आठवड्यापूर्वी त्या कडेलाच गाडीचं स्टिअरिंग अडकलं. सासऱ्यांनी जोर लावला, आणि ते एकदम सुटलं. पुढचं उजवं चाक दगडावर चढलं, दगड निखळून खाली गेला, आणि तो गोट्यांवर आपटल्याचा आवाज सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीत ऐकला. त्यांचं घर मैदानाला लागूनच होतं. त्यांच्या हातातला कप फुटला नाही की काही नाही. त्यांनी तो शांतपणे खाली ठेवला आणि त्यानंतर दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत.

सून गॅरेजवाल्याची मुलगी. लग्न होऊन आली तेव्हा कपड्यांच्या बॅगेपेक्षा पान्यांची पेटी जड होती. तिचा नवरा इस्पितळात वॉर्डबॉय होता आणि त्याला साधा दिव्याचा बल्ब बदलायला सांगितला तरी घाम फुटे. त्यामुळे घरातलं जे काही फिरतं, गरगरतं, गळतं ते सगळं सुनेकडे येई. गाडीही तिच्याकडेच आली.

सासऱ्यांनी ती शेडमध्ये आणून लावली आणि म्हणाले, "अडकतंय आणि मग सुटतंय. तेवढं बघ. बाकीच्याला हात लावू नकोस."

"बाकीचं म्हणजे काय, बाबा?"

"बाकीचं माझ्या हाताला माहीत आहे."

तिने गाडीवर बसून चाक हलवून पाहिलं आणि तिला हसूच आलं. हातातलं चाक चांगलं पाव फेरा फिरे तेव्हा कुठे पुढची चाकं जागी होत. "बाबा, हे काय स्टिअरिंग आहे? याला सांगावं आज, हे वळणार उद्या!"

"म्हणून तर मी त्याला आधीच सांगून ठेवतो," सासरे म्हणाले. त्यांना बरं वाटलं असावं, कारण ते हात हवेत धरून दाखवू लागले. "सरळ जाताना हे असं सारखं हलवत राहायचं, उजवीकडे, डावीकडे. गप्प धरलंस तर भरकटते. आणि कडेला भिंत उजवीकडे वळते ना, दिव्याच्या खांबापाशी? तिथे वळायचं तर मी बाकापाशीच चाक फिरवतो. बाकापाशी चाक, खांबापाशी गाडी. इतकं साधं आहे."

तिने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाचं कौतुक ऐकावं तसं तिने ते ऐकलं, म्हणजे अर्ध्या कानाने. तिचं सगळं लक्ष गाडीच्या पोटाकडे होतं. तिच्या वडिलांनी तिला एकच गोष्ट घोकून घोकून शिकवली होती: उघडलं की पुरं करायचं. अर्धं काम करून गाडी परत देणाऱ्या मेकॅनिकला ते शिव्या देत नसत, पण त्याच्या हातचा चहासुद्धा पीत नसत.

तिने गाडी जॅकवर उचलली आणि खाली सरपटली. दुखणं लगेच दिसलं. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक छोटं दातेरी चाक, आणि ते जिला फिरवतं ती पंख्याच्या आकाराची दातेरी पट्टी. पट्टीचे मधले दाते झिजून बोथट झाले होते. माणूस जास्त वेळ सरळच जातो, म्हणून मधलेच दाते झिजतात. तिथे छोटं चाक अडकायचं आणि जोर लावला की दाता ओलांडून उडी मारायचं. हीच ती उडी.

शेडच्या मागे अशीच एक मोडीत काढलेली गाडी गंजत पडली होती. तिची पट्टी काढून सुनेने घासून पुसून बसवली. इथे थांबली असती तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण पट्टी बसवताना तिला दिसलं की चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांचे सांधे खुळखुळतायत. तेही बदलले. सांधे बदलले तर चाकांच्या खुंटांवरच्या बारक्या नळ्या, म्हणजे बुश, झिजलेले दिसले. ते बाजारातून आणून ठोकले. पुढच्या एका चाकात हवा कमी होती, ती भरली. दोन्ही चाकांची तोंडं दोरी लावून सरळ केली, सगळीकडे ग्रीस भरलं. हातातलं चाक बोटभर फिरवलं की पुढची चाकं बोटभर वळत होती. तिला इतका आनंद झाला की तिने शेडमध्ये कोणी नाही हे पाहून स्वतःची पाठ खरोखरच थोपटली.

मग तिने अंगणात उलट्या बादल्या मांडल्या आणि त्यांच्यामधून गाडी चालवून पाहिली. एकाही बादलीला धक्का नाही. लोण्यातून सुरी फिरावी तशी गाडी फिरत होती. तिने गाडी बंद केली, हात पुसले आणि घरात जाऊन सासूबाईंना सांगितलं, "आई, गाडी नीट झाली."

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं आणि मान हलवली. "बरं," त्या म्हणाल्या.

सासरे तयारच होते. कानांवर आवाज अडवणारी ती जाडी कानझाकणं चढवता चढवता त्यांनी विचारलं, "काय काय केलंस?"

"सगळं!" ती म्हणाली.

"सगळं म्हणजे?" पण तोवर त्यांनी किल्ली फिरवली होती, इंजिन फटफटू लागलं होतं, आणि त्या आवाजात तिने जे सांगितलं ते त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. त्यांनी हात वर करून 'येतो' अशी खूण केली आणि गेले.

ती अंगणातल्या बादल्या गोळा करत होती. एक बादली गडगडत मैदानाच्या कडेला गेली म्हणून ती उचलायला वाकली, आणि तिची नजर नुकत्याच कापलेल्या पहिल्या पट्ट्यावर गेली.

पट्टा वाकडा होता. थोडाथोडका नाही. साप गेल्यासारखा, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आणि कापणारा कोण, तर फूटपट्टी.

पहिल्यांदा तिला वाटलं काहीतरी सुटलं. नट राहिला का कसायचा? तिने मनातल्या मनात एकेक बोल्ट आठवला. सगळे कसले होते. गाडी तर तिने स्वतः चालवली होती, बादल्यांमधून, लोण्यासारखी. मग वाकडं कोण चालतंय?

आणि तिला सासऱ्यांचे हात दिसले. हवेत धरलेले, हलणारे. सरळ जाताना हे असं सारखं हलवत राहायचं. बिघाड गाडीत उरला नव्हता, पण तो सांभाळून घेण्याची सवय हातात तशीच होती. सुंभ जळला तरी पीळ कुठे जळतो! तिच्या हातांना असली सवयच नव्हती, म्हणून तिला बादल्यांमधून काही कळलं नाही. बाकापाशी चाक, खांबापाशी गाडी. आता बाकापाशी चाक फिरवलं तर गाडी बाकापाशीच वळणार होती. आणि बाकाच्या उजव्या हाताला दगडांच्या ओळीपलीकडे काहीच नव्हतं.

तिने वर पाहिलं. सासरे कडेच्या पट्ट्याला लागले होते.

ती पळत सुटली. "बाबा!" अशी हाक तिने मारली खरी, पण मारता मारताच तिला कळलं की ही हाक तिच्या एकटीच्याच समाधानासाठी आहे. कानांवर झाकणं, खाली इंजिन. मैदान उतरतं होतं, गवत ओलसर, पाय घसरत होते. सासऱ्यांची पाठ तिला दिसत होती. ताठ. नेहमीपेक्षा जास्त ताठ, आणि दोन्ही हात चाकावर घट्ट. त्यांना गाडी बदललीय हे कळलं होतं तर! मग थांबत का नव्हते?

मागून गाठावं तर खांद्याला हात लावावा लागेल. खांद्याला हात लावला की ते दचकून मागे बघणार, आणि ते कधीच नुसती मान वळवत नसत, मानेच्या दुखण्यामुळे सगळं अंग वळवत. अंगाबरोबर हात, हाताबरोबर चाक. कालपर्यंत त्याने काही झालं नसतं. आज कालचं काहीच राहिलं नव्हतं, आणि ते तिनेच घालवलं होतं.

पुढून गाठून हात हलवावा? तेही नको. मैदानात कोणी हात केला की सासरे हमखास डावा हात उंच करून उलट नमस्कार करणार. मग चाकावर एकटा उजवा हात उरणार, त्याचा भार चाकावर, आणि चाक उजवीकडे.

तिने त्यांचा माग सोडला आणि तिरकी धावली, बाकाच्या दिशेने. गाडी आणि ती, दोघी बाकाकडे चालल्या होत्या. गाडी संथ होती पण तिचा रस्ता सरळ होता. हिचा रस्ता लांबचा आणि चप्पल तुटलेली. तिने चप्पल तिथेच टाकली. कापलेल्या गवताचे खुंट पायाला टोचत होते. तिला सासूबाईंचा हळू आवाज ऐकू येत होता. तुझ्या भरवशावर सोडते त्यांना. करायला गेले एक आणि झालं भलतंच, हे तिने दहा जणांच्या बाबतीत हसत म्हटलं असेल. आता हसू येत नव्हतं, रडू येत होतं.

ती बाकाशी पोहोचली तेव्हा गाडी अगदी जवळ आली होती. सासरे समोर खांबाकडे बघत होते. त्यांचे हात चाकावर जरा सैलावले. वळायच्या आधी ते नेहमी असेच सैलावत.

तिने फार विचार केला असं म्हणणं खोटं ठरेल. वाटेत आडवी उभी राहावी तर ते तिला चुकवायला कुठल्या बाजूला वळतील हे सांगता येत नव्हतं. त्यांनी डावीकडेच वळावं असं वाटत असेल तर उजवीकडे वळायचीच सोय नको. ती गाडीची वाट ओलांडून पलीकडे गेली आणि दगडांच्या ओळीवर चढून उभी राहिली, पाठ ओढ्याकडे, तोंड गाडीकडे. हात तिने अंगाशी घट्ट धरले, चुकूनही खूण होऊ नये म्हणून. पायाखालचा दगड हलत होता. तिने खाली पाहिलं नाही.

सासऱ्यांची नजर खांबावरून तिच्यावर आली.

त्यांच्या तोंडाचा आ झालेला तिने पाहिला. त्यांच्या हातांना वळण आठवायला सवडच मिळाली नाही. समोर उजवीकडे घरचं माणूस, इतकंच त्यांना कळलं, आणि त्यांनी चाक सगळ्या ताकदीनिशी डावीकडे फिरवलं. कालची गाडी असती तर ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढे गेली असती. आजच्या गाडीने त्याच क्षणी ऐकलं. ती गर्रकन डावीकडे वळली, पुढचं चाक बाकाच्या पायावर आदळलं, मडगार्ड चेपलं, आणि इंजिन दोन उचक्या देऊन बंद पडलं.

मैदानात एकदम शांत झालं. ओढ्याचं पाणीसुद्धा ऐकू येऊ लागलं.

सासरे खाली उतरले. त्यांनी आधी तिचा दंड धरून तिला दगडावरून खाली ओढलं, चांगलं चार पावलं आत आणलं, आणि मग कानझाकणं काढून फेकली. "मरायचं होतं का तुला? कुठे उभी होतीस कळतं का? मी आत्ता चाक फिरवलं असतं..." आणि ते बोलता बोलता थांबले. त्यांनी बाकाकडे पाहिलं, मग खांबाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

"बाकापाशी," ते म्हणाले.

"बाबा, मी सगळी ढिलाई काढली. तुम्ही सांगितलं होतंत, हात लावू नकोस. मी ऐकलं नाही." तिला रडू आवरेना. "माझी चूक आहे. तुम्हाला अंगणात चालवून बघायला तरी सांगायला हवं होतं."

सासरे बाकावर बसले. ते गुडघे चोळू लागले. "मला कळलं होतं की," ते म्हणाले. "पहिल्याच पट्ट्याला. गाडी नुसती वळवळत होती. मला लाज वाटली, वरच्या खिडक्यांतून सगळे बघत असतील म्हणून."

"मग परत का नाही आणलीत?"

"परत आणली असती तर तुझी सासू म्हणाली असती, सुनेने बिघडवली. तू तिला शब्द दिला होतास ना? म्हटलं, चाक घट्ट धरू, जमेल. सरळ जायला जमलंही. वळायचं डोक्यातच आलं नाही. वळायचं काम डोकं करतच नाही गं, ते हातच करतात."

ती त्यांच्या शेजारी बसली. कठडा काढल्यापासून त्या बाकावर पहिल्यांदाच कोणी बसलं असेल.

"पुन्हा ढिली करून देऊ का?" तिने विचारलं. हे विचारताना तिला तिचे वडील आठवले आणि त्यांचा न प्यायलेला चहाही आठवला.

सासऱ्यांनी चेपलेल्या मडगार्डवरून हात फिरवला. "तू समोर आलीस तेव्हा ढिली असती तर आत्ता आपण बाकावर बसलो नसतो," ते म्हणाले. "राहू दे. गाडीला नको सांगू. मला शिकव."

गाडी तीच चालवत शेडपर्यंत घेऊन गेली. सासरे मागून चालत आले, वाटेत तिची तुटकी चप्पल उचलून.

दुपारी जेवायला बसले तेव्हा सून वर बघत नव्हती. सासऱ्यांचंही घासाकडे लक्ष नव्हतं. सासूबाई वाढत होत्या.

"झाली का गाडी नीट?" त्यांनी विचारलं. हळू आवाजात.

"झाली," सासरे घाईघाईने म्हणाले. "एकदम लोणी."

"आई, तसं नाही," सून म्हणाली. "मला सांगायचंय..."

"आधी जेव." सासूबाईंनी तिच्या ताटात भाजी वाढली. मग म्हणाल्या, "उद्या त्या बाकापाशी कोण उभं राहणार आहे?"

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. सुनेने खिडकीकडे पाहिलं. खिडकीतून मैदान दिसत होतं, मैदानाच्या टोकाला बाक दिसत होता, आणि बाकापलीकडची दगडांची ओळ तर अगदी स्पष्ट दिसत होती.

"खिडकीत उभी राहणार नाही म्हणाले होते," सासूबाई म्हणाल्या. "नाही राहवलं."

"आई, तुम्ही माझ्या भरवशावर सोडलं होतं," सून म्हणाली.

"सोडलंच होतं. आणि तू उभी राहिलीस ना?" सासूबाईंनी नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "आठवडाभर अंगणात बादल्यांमधून चालवायची. मैदानात पाऊल नाही. मग कडेला. बाकापाशी ही उभी राहील, पण दगडावर नाही, अलीकडे. खांबापाशी मी. मी हात केल्याशिवाय चाक फिरवायचं नाही. जन्मभर माझं ऐकलं नाहीत, आता निदान बघून तरी वळाल."

"आणि मी काय करू?" सासऱ्यांनी बापुडवाण्या आवाजात विचारलं.

"तुम्ही गाडीवर बसा. दुसरं येतंय काय तुम्हाला?"

हे सगळं त्या हळू आवाजातच बोलल्या. मग नवऱ्याला आमटी वाढायला वाकल्या, तेव्हा त्यांच्या हातातला डाव वाटीच्या काठावर वाजायला लागला. तो थांबेना, म्हणून सुनेने उठून त्यांच्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघींनी मिळून ती वाटी भरली.